चिखलाच्या मुशीत

खारघरच्या डोंगराखालचे ओढे पावसाळ्यात अंगावर येतात आणि दसऱ्यापर्यंत इतके रोडावतात की चप्पल न काढता ओलांडावेत. मागे उरतात वाळूच्या पट्ट्या. अशाच एका पट्टीवर मी जुन्या स्पीकरमधून काढलेलं चुंबक फिरवत बसलो होतो. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत होतं. ही पिशवी महत्त्वाची. ती विसरलात तर चिकटलेलं काळं पुढची दोन वर्षं नखांनी काढत बसाल. दोन-तीन हात फिरवून उचललं, तर पिशवीला काळी कुळकुळीत दाढी फुटलेली. सोबत शेजारचा सहावीतला मुलगा होता. तो म्हणाला, "काका, कुठल्यातरी बिल्डिंगच्या सळईचा चुरा असणार." खारघरमध्ये लहानाचा मोठा झालेल्या मुलाला दुसरं काय सुचणार!

सळईचा नव्हे, तो डोंगराचा चुरा होता. आपल्या काळ्या कातळात, म्हणजे बेसाल्टमध्ये, मॅग्नेटाईट नावाच्या खनिजाचे कण विखुरलेले असतात. लोह आणि ऑक्सिजन यांचं हे संयुग, आणि कातळातल्या कणांत त्यात टायटॅनियमचीही भेसळ असते. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होत गेला, तसं या कणांचं चुंबकत्व त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने गोठलं. ती दिशा आजही मोजता येते. तिच्यावरूनच कळलं की आपले सह्याद्रीचे थर थंड झाले तेव्हा हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. ज्याला आपण अस्सल मराठी मातीतला डोंगर म्हणतो, तो मुळात बाहेरगावचा आहे.

पण मला सांगायचंय ते दुसऱ्याच कारखान्याबद्दल. हेच मॅग्नेटाईट, टायटॅनियमच्या भेसळीशिवाय, कणाकणाने मापात, हजार अंशांच्या भट्टीशिवाय तयार होतं. कुठे? पनवेलकडे जाणारी लोकल खारघर सोडून पुढे निघाली की खिडकीतून खाडी दिसते, तिवरं दिसतात, आणि ओहोटीच्या वेळी वासावरूनच ओळखू येतो तो काळा चिखल दिसतो. डब्यातली माणसं नाकाला रुमाल लावतात. जगभर खाऱ्या खाजणांच्या आणि गोड्या तळ्यांच्या अशाच चिखलात काही जिवाणू राहतात, ज्यांच्या पोटात चुंबकाचे स्फटिक असतात. तेही सुटे नव्हेत, माळेत ओवल्यासारखे एका रांगेत.

हे जिवाणू दोनदा शोधले गेले. पहिल्यांदा इटलीत. १९६३ साली पाविया विद्यापीठात साल्वातोरे बेलिनी सूक्ष्मदर्शकाखाली पाण्याचे नमुने तपासत होते. काही जिवाणू सगळे मिळून उत्तरेकडे पोहत जातात, हे त्यांच्या लक्षात आलं. चुंबक जवळ आणलं की ते दिशा बदलत. जिवाणूच्या आतच होकायंत्र असावं, असा तर्कही बेलिनींनी केला. त्यांनी इटालियनमध्ये दोन निबंध लिहिले, पण ते विद्यापीठाच्या बाहेर फारसे गेलेच नाहीत. त्यांचा इंग्रजी अनुवाद छापून यायला २००९ साल उजाडलं.

दुसऱ्यांदा अमेरिकेत. रिचर्ड ब्लेकमोर हा विद्यार्थी केप कॉडच्या खाजणातला चिखल तपासत होता. शोधत होता भलतेच जिवाणू. त्याला दिसलं की काही जिवाणू थेंबाच्या एकाच कडेला गर्दी करताहेत. खिडकीतला उजेड खेचत असेल म्हणून त्याने सूक्ष्मदर्शक झाकून पाहिला. मग फिरवून पाहिला, मग जागा बदलली. गर्दी त्याच दिशेला. शेवटी चुंबक आणलं आणि सगळे गर्रकन वळले. १९७५ साली 'सायन्स'मध्ये त्याचा लेख आला आणि या विषयाला तोंड फुटलं. चार वर्षांनी भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फ्रँकेल यांच्या सोबतीने तपासल्यावर पोटातले ते काळे ठिपके मॅग्नेटाईटचे ठरले. बेलिनींना श्रेय उशिरा मिळालं, याची मला दर वेळी रुखरुख वाटते. विज्ञानात नुसतं दिसून भागत नाही, ते चार लोकांना वाचता येईल अशा जागी छापूनही यावं लागतं.

आता त्या पोटात डोकावू. जिवाणूची लांबी तीनेक मायक्रोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरमध्ये तीनशेवर जिवाणू आडवे झोपतील. त्याच्या आत पंधरा-वीस, कधी शंभर स्फटिक. प्रत्येक स्फटिक साधारण ३५ ते १२० नॅनोमीटरचा. हे माप मनाला येईल तसं ठरलेलं नाही. मॅग्नेटाईटचा कण ३५ नॅनोमीटरपेक्षा फार लहान असेल, तर साध्या उष्णतेनेच त्याचं चुंबकत्व सैरभैर होतं, दिशा टिकत नाही. कण फार मोठा झाला, तर त्याच्या आत वेगवेगळ्या दिशांचे भाग पडतात आणि ते एकमेकांना मारक ठरतात. मधल्या अरुंद पट्ट्यात मात्र अख्खा कण एकजीव, एकाच दिशेचं पक्कं चुंबक असतो. जिवाणू नेमका याच पट्ट्यात कण घडवतो. हे त्याला कुणी शिकवलं नाही. ज्यांचे कण मापात बसले नाहीत, ते चिखलात वाट चुकले आणि त्यांचा वंश खुंटला, इतकं सरळ आहे.

घडवतो कसा, तर सोनारासारखा, मुशीत. पेशीचं आवरण आतल्या बाजूला फुगून त्याच्या चिमुकल्या पिशव्या तयार होतात. ही मूस. ठरावीक प्रथिनं बाहेरून आलेलं लोह या मुशीत भरतात, दुसरी काही प्रथिनं स्फटिक केव्हा सुरू व्हायचा, कुठल्या आकाराचा व्हायचा आणि कुठे थांबायचं, हे बघतात. मुशीसकट या स्फटिकाला मॅग्नेटोसोम म्हणतात. मग प्रश्न येतो रांगेचा. सुटी चुंबकं शेजारी ठेवली तर ती एकमेकांना चिकटून गोळा होतात. फ्रिजवर लावायची दोन-चार चुंबकं खिशात टाकून बघा. जिवाणूच्या पेशीत म्हणून प्रथिनाचा एक धागा लांबीने ताणलेला असतो आणि दुसरं एक प्रथिन प्रत्येक मुशीला त्या धाग्याशी बांधतं. २००६ साली हे उलगडलं. बांधणारं प्रथिन काढून टाकलं की माळ तुटते आणि पेशीत चुंबकांचा गोळा होतो. ओवणारा धागा, अडकवणारी गाठ आणि मापाचे मणी, तिन्ही लागतात.

माळेची गरज काय, याचा मी वहीत हिशेब मांडून पाहिला. पाण्याचे रेणू जिवाणूला सतत धक्के देत असतात. ४५ नॅनोमीटरचा एकटा स्फटिक घेतला, तर पृथ्वीचं क्षेत्र त्याला जितक्या जोराने वळवू पाहतं, ते या धक्क्यांच्या ऊर्जेच्या जेमतेम निम्मं भरतं. म्हणजे तो गर्दीत ढकलला जाणार. वीस स्फटिक एका रांगेत लावले की तेच बळ धक्क्यांच्या नऊपट होतं. मग मात्र अख्खा जिवाणू सुईसारखा वळून उभा राहतो. इथे 'वळून उभा राहतो' हे शब्दशः घ्यायचं. त्याला उत्तर दिशा 'कळत' नाही. मेलेला जिवाणूसुद्धा क्षेत्राच्या दिशेने वळतो. फरक एवढाच की जिवंत जिवाणूला शेपटी असते आणि तो त्या रेषेवर पोहत निघतो. ज्ञानेंद्रिय म्हणावं असं इथे काही नाही. अंगच होकायंत्र आहे.

एक प्रसंग मला फार आवडतो, तो म्हणजे वाटणीचा. जिवाणू दुभागतो तेव्हा पोटातली माळही दुभागावी लागते, आणि चुंबकं तर एकमेकांना सोडायला तयार नसतात. जर्मनीतल्या ग्राइफ्सवाल्डच्या गाळातून मिळालेल्या मॅग्नेटोस्पिरिलम या चुंबकी जिवाणूवर हे पाहिलं गेलं आहे. पेशी मधोमध वाकते, माळेचा सरळपणा मोडतो, ओढ कमी होते आणि माळ तुटते. दोन्ही लेकींना जवळजवळ निम्मी-निम्मी माळ मिळते. कोर्टकचेरी नाही.

पण उत्तर-दक्षिण जाऊन या जिवाणूंना मिळतं काय? उत्तर त्या नाक दाबायला लावणाऱ्या वासात आहे. खाडीच्या चिखलाचा अगदी वरचा थर करडा-तपकिरी असतो, त्याखाली काळं. वरच्या काही मिलिमीटरमध्ये ऑक्सिजन पोचतो, खाली तो संपतो आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड सुरू होतो. या जिवाणूंना हवा असतो मधला पट्टा. ऑक्सिजन जास्त झाला तरी सोसत नाही, अजिबात नसला तरी अनेकांचं भागत नाही. काही जाती तर मॅग्नेटाईटऐवजी लोह आणि गंधकाचं ग्रेगाईट हे चुंबकीय संयुग घडवतात. त्यांचा मुक्काम आणखी खालच्या, वासाच्या थरात. तो पातळ पट्टा शोधायला चहू दिशांना, वर-खाली भटकणं परवडत नाही. चुंबकामुळे शोध एका रेषेवर येतो. पुढे किंवा मागे, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचं उत्तर ऑक्सिजन देतो.

ती रेषा खाली कशी जाते, हे घरी पाहता येतं. शिवणाची सुई आधी दोऱ्याला मधोमध अशी बांधा की ती आडवी तोलून राहील. मग तिच्यावर चुंबक एकाच दिशेने पंचवीस-तीस वेळा घासा आणि परत टांगा. ती उत्तर-दक्षिण वळते, पण आडवी राहत नाही. उत्तरेकडचं टोक खाली झुकतं. आपल्या भागात हा कल सुमारे २५ अंशांचा आहे. पृथ्वीच्या चुंबकीय रेषा उत्तर गोलार्धात उत्तरेला जाता जाता जमिनीत शिरतात, म्हणून उत्तरेकडे पोहणारा जिवाणू आपसूक खाली जातो. ब्लेकमोरच्या केप कॉडला कल सत्तर अंशांच्या आसपास होता. तिथे एक मिलिमीटर खोल जायला जिवाणूला मिलिमीटरपेक्षा थोडंच जास्त पोहावं लागतं. खारघरच्या अक्षांशावर तेवढ्याच खोलीसाठी जवळजवळ अडीच मिलिमीटर. आणि तिरुनेलवेलीच्या आसपास, जिथून चुंबकीय विषुववृत्त जातं, तिथे रेषा आडव्याच असतात. अशा ठिकाणी काय होतं, ते ब्राझीलमध्ये पाहिलं गेलं. तिथे उत्तरेकडे जाणारे आणि दक्षिणेकडे जाणारे, दोन्ही जिवाणू सारख्याच संख्येने सापडले. न्यूझीलंडमध्ये मात्र दक्षिणेकडे जाणारे, कारण तिथे खालची वाट दक्षिणेला आहे. किती चोख! १९८० च्या आसपासची ही निरीक्षणं वाचताना वाटतं, गणित सुटलं.

ते सुटलेलं नाही, आणि त्यासाठी बुलढाणा जिल्ह्यात जावं लागतं. लोणारचं सरोवर म्हणजे बेसाल्टमध्ये उल्केने पाडलेलं विवर, पाणी खारट आणि साबणासारखं बुळबुळीत. कराडच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी तिथले चुंबकी जिवाणू अभ्यासले आणि 'करंट सायन्स'मध्ये नोंद दिली ती दक्षिणेकडे जाणाऱ्या जिवाणूंची. उत्तर गोलार्धात, महाराष्ट्राच्या मधोमध, दक्षिणेकडे! पाठ्यपुस्तकी हिशेबाने हे जिवाणू वर, ऑक्सिजनकडे जाऊन मरायला हवेत. असाच प्रकार २००६ साली ब्लेकमोरच्याच परिसरातल्या एका खाऱ्या तळ्यात दिसला होता. तेव्हा 'चुंबक खाली नेतं' हे वाक्य अर्धंच खरं आहे. मला विचाराल तर चुंबक फक्त रूळ घालून देतं. गाडी कुठल्या बाजूला हाकायची, हे त्या त्या पाण्यातलं रसायन ठरवतं.

सुईच्या कलाचे ते २५ अंश आपल्याला माहीत आहेत, ते रायगड जिल्ह्यातल्या अलिबागमुळे. त्याआधी मुंबईतल्या कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी होत होत्या. १८५९ च्या सप्टेंबरमधलं प्रचंड सौर वादळ कुलाब्याच्या उपकरणांनी टिपलं. त्या नोंदींचा जवळजवळ दीडशे वर्षांनी पुन्हा अभ्यास झाला, त्यात आपल्याकडचे शास्त्रज्ञही होते. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं आणि वेधशाळेचे प्रमुख नानाभाई फ्रामजी मूस यांच्या लक्षात आलं की रुळांतून धावणारा प्रवाह सगळ्या नोंदी नासवेल. पृथ्वीचं क्षेत्र आपल्याकडे सुमारे ४३ हजार नॅनोटेस्ला. ऐकायला केवढं वाटतं, पण फ्रिजवरचं चुंबक त्याच्या शंभरपट असतं. म्हणून मूस यांनी वेधशाळा अलिबागला हलवली. लोखंड टाळून, पोरबंदरहून दगड आणून इमारत उभी केली. १९०४ ते १९०६ कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप केलं, म्हणजे मालिका तुटायला नको. (चुंबकांच्या गोष्टीत मूस हे आडनाव यावं, हा योगायोग मला सोडवत नाही.) आज अलिबागची वेधशाळा चालवते ती भारतीय भूचुंबकत्व संस्था, आणि तिचं मुख्यालय आपल्या शेजारी, नवी पनवेलच्या सेक्टर १८ मध्ये आहे. खारघरहून रिक्षाने जाता येईल इतकं जवळ.

जिवाणू मरतो, माळ मात्र उरते. गाळ साचत जातो आणि त्यात हे स्फटिक हजारो-लाखो वर्षं टिकतात. गोव्यातल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२४ साली बंगालच्या उपसागरातल्या सुमारे ५० हजार वर्षांपूर्वीच्या गाळात नेहमीपेक्षा कितीतरी मोठे, सुया आणि भाल्यांच्या टोकांसारखे चुंबकी जीवाश्म सापडल्याचं जाहीर केलं. अशा स्फटिकांवरून त्या काळी समुद्रतळाशी ऑक्सिजन किती होता, नद्या किती लोह आणत होत्या, याचा अंदाज बांधता येतो. मंगळावरून आलेल्या एका उल्केत असेच स्फटिक दिसले म्हणून १९९६ साली जीवसृष्टीचा मोठा गाजावाजा झाला होता. पण असे कण जिवाणूंशिवायही होऊ शकतात, आणि तो दावा बहुतेकांनी आता बाजूला ठेवला आहे. मीही ठेवतो.

त्यापेक्षा खारघरच्याच सेक्टर २२ मध्ये येऊ. तिथे टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कर्करोगावरचं केंद्र आहे. तिथल्या कुणालाही विचारलं तर ते सांगतील की गाठीच्या आतल्या भागात रक्तवाहिन्या नीट पोचत नाहीत, तिथे ऑक्सिजन कमी असतो आणि रक्तातून दिलेलं औषधही तिथे पोचायला कचरतं. कमी ऑक्सिजनचा अरुंद पट्टा? हे वर्णन आपण आत्ताच वाचलं, चिखलाचं. माँट्रियलच्या सिल्व्हेन मार्टेल यांच्या गटाने २०१६ साली नेमकं हेच जुळवलं. खाडीमुखातून मिळालेल्या 'एमसी-१' या चुंबकी जिवाणूच्या पाठीवर औषधाच्या सत्तरेक सूक्ष्म पुड्या बांधल्या, उंदरांच्या गाठीजवळ ते टोचले, बाहेरून चुंबकीय क्षेत्र लावून गाठीकडे वळवले आणि पुढचं काम जिवाणूंच्या सवयीवर सोडलं. ५५ टक्क्यांपर्यंत जिवाणू गाठीच्या कमी ऑक्सिजनच्या भागात शिरले. माणसांवरचा उपचार म्हणून याकडे आज पाहू नये. उंदीर आणि माणूस यांच्यात अजून पुष्कळ अंतर आहे. पण खाजणाच्या गाळातली खोड गाठीत कामी आली, हे खरं.

शेजारच्या मुलाला हे सगळं सांगितल्यावर त्याने अपेक्षित प्रश्न विचारला, "मग आपण बघू या ना?" बघता येतं. रुंद तोंडाच्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश चिखल घ्या, वर त्याच जागचं पाणी. तिवरं उपटू नका, काठाचा वरचाच चिखल पुरे. बरणी अंधाऱ्या कोपऱ्यात काही आठवडे न हलवता ठेवा. मग चिखलाच्या पातळीच्या बोटभर वर, काचेला बाहेरून पट्टीचुंबकाचं दक्षिण टोक लावा, कारण उत्तरेकडे जाणारे जिवाणू त्याच टोकाकडे येतात. काही तासांनी ड्रॉपरने तिथला थेंब उचला, शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा आणि शेजारी चुंबक फिरवा. जे ठिपके चुंबकाबरोबर वळतात आणि पोहतातही, ते आपले. नुसतेच वळणारे बहुधा डोंगरातले.

आमची पहिली बरणी फुकट गेली. वास येऊ नये म्हणून घरच्यांनी झाकण गच्च लावलं, आतला ऑक्सिजन संपला आणि वरपासून खालपर्यंत सगळंच काळं झालं. दुसरी बरणी दिवाळीपासून शिडीखाली आहे. तुम्ही भरलीत तर झाकण नुसतं टेकवा, घट्ट लावू नका.